वर्धा ऐकू येत नाही

आमच्यात एक जण किस्सा सांगायला लागला की दुसरा त्याला तोडतो, "थांब बे, आधी खांबाचा सांग." खांबाचा सुरू झाला की तिसऱ्याला तेलाचा डबा आठवतो आणि खांब अर्धाच राहतो. असे अर्धे राहिलेले किस्से इतके साठले आहेत की घरी आलेल्या पाहुण्याने चुकून "तुमच्या रेडिओचं काय चाललंय?" असं विचारलं, तर माझी बायको उज्ज्वला मुकाट्याने भाताला पाणी वाढवते. तो आता जेवूनच जाणार!

आमचा छंद हॅम रेडिओचा. म्हणजे परीक्षा देऊन सरकारचं लायसन्स घ्यायचं, घरात वायरलेस सेट मांडायचा, गच्चीवर तार ताणायची आणि खिशात मोबाइल असताना हजार किलोमीटरवरच्या माणसाला ओरडून विचारायचं, "माझा आवाज येतोय का?" उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असं येतं. मग आपण स्क्रू ड्रायव्हर हातात घेतो. यात आनंद काय आहे, हे उज्ज्वलाला मी अजून पटवू शकलेलो नाही. मागच्या वर्षी तर मलाही पटेना.

मी कॉलेजात फिजिक्स शिकवतो. त्यामुळे मला यातलं काही येत नाही, असं बाकी तिघांचं ठाम मत आहे.

*

आधी तारबाबू, कारण आम्हाला या नादाला लावलं त्यांनी. आडनाव थूल. पण सगळी नोकरी तार ऑफिसात गेली, म्हणून वर्ध्याला लागून असलेली आमची सगळी सिंदी मेघे त्यांना तारबाबूच म्हणायची. तार बंद झाली, त्यांचा हात काही बंद झाला नाही. समोर बसून बोलतानाही बोट टेबलावर कड कट्ट वाजत असायचं.

त्यांचा एकच नियम होता. "जेवढं आलं तेवढंच लिहाचं. आपल्या मनानं एक अक्षर टाकाचं नाई."

रेडिओवर समोरच्याला त्याचा सिग्नल कसा येतोय ते आकड्यांत सांगायची पद्धत आहे. फाईव्ह नाईन म्हणजे उत्तम. जगभरचे लोक सभ्यपणे सगळ्यांनाच फाईव्ह नाईन देतात, लग्नात जेवण कसंही असलं तरी 'छान होतं' म्हणतात तसं. तारबाबू देत नसत. मला लायसन्स मिळालं, सेट लावला, पहिला कॉल त्यांनाच केला. त्यांचं घर माझ्या घरापासून चौथं!

"फाईव्ह सेव्हन," तारबाबू म्हणाले.

"बाबू, मधात तीनच घरं हायेत!"

"मंग तिसऱ्या घरापाशी गळून राह्यला असन. तार पाहून घे."

मी चिडून गच्चीवर गेलो. तारेचा एक जोड खरंच सुटला होता.

बोलणं झालं की एकमेकांना पोस्टकार्ड पाठवायचं, हीसुद्धा आमच्यातली जुनी रीत. त्यावर तारीख, वेळ, सिग्नल किती आला ते आणि शेवटी शेरा. तारबाबूंनी चौथ्या घरातून मला कार्ड पोस्टाने पाठवलं! पोस्टमन वैतागून म्हणाला, "बाबू, याच सरच्या दारावरून तं मी तुमच्याकडे आलतो. तवाच देलं असतं." तर बाबू म्हणाले, "शिक्का कोन मारन मंग?" शेऱ्यात दोनच शब्द होते. 'जोड लावला.' तारेला शब्दामागे पैसे पडायचे, ती सवय त्यांना कायमची लागलेली.

*

ऐंशी झाल्यावर तारबाबू मुलीकडे म्हैसूरला गेले. जाताना आपला जुना रिसीव्हर मला देऊन गेले. तेव्हापासून माझ्याकडे दोन यंत्रं झाली. ऐकायचं त्यांच्या रिसीव्हरवर, त्याला वेगळी तार. बोलायचं माझ्या सेटवर, त्याला वेगळी तार. हे लक्षात ठेवा, पुढे याच्यापायीच आमची शोभा झाली.

ते गेले आणि आमची टोळी पांगली. आम्ही चौघं. इन्व्हर्टर दुरुस्तीचं दुकान चालवणारा वानखेडे, सावंगीला हॉस्पिटलात नर्स असलेल्या ढोबळे मॅडम, पवनारचा शेतकरी कोहळे आणि मी. मॅडमच्या ड्यूट्या बदलल्या. वानखेडे आणि कोहळे एकमेकांशी बोलेनासे झाले. कारण खांब! वानखेडेने अँटेनासाठी आणलेला ॲल्युमिनियमचा खांब कोहळेने पुतणीच्या लग्नात मांडवाला लावला आणि परत दिला तेव्हा तो मधोमध वाकलेला होता. तीन वर्षं दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नाही.

दर रविवारी सकाळी आठला रेडिओवर एक बैठक भरते. हैदराबादचे रेड्डी साहेब ती चालवतात, हिंदीत. एका रविवारी अचानक तारबाबूंचा आवाज आला. मुलीने त्यांना शंभर वॅटचा तयार सेट घेऊन दिला होता. आवाज असा, जणू बाजूच्या खोलीत बसलेत! मी उडी मारून माइक घेतला आणि हाका मारत सुटलो.

रेड्डी साहेब म्हणाले, "बाबूजी, वर्धा आपको बुला रहा है. आ रहा है?"

थोडा वेळ नुसती खरखर. मग तारबाबू म्हणाले, "नहीं. वर्धा नहीं आ रहा."

पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारी त्यांनी सांगितलं की मुलीने नवा फ्लॅट घेतलाय, दसरा झाला की तिकडे जायचं आणि तिथे सोसायटी तार लावू देत नाही. "दशहरे के बाद मैं बंद. उसके पहले एक बार वर्धा सुनना है."

मी माइक धरून बसलो होतो. उज्ज्वला स्वयंपाकघरातून म्हणाली, "अवो, फोन लावा नं त्यायले!"

लावला. तारबाबू म्हणाले, "फोनवर काय बोलाचं? फोन तं कोनीबी लावते. रविवारी ये." आणि ठेवून दिला.

*

माझा सेट दहा वॅटचा. दहाने म्हैसूर गाठता येत नाही, तर शंभर करायचे. त्यासाठी ॲम्प्लिफायर लागतो. एका बाजूने दहा वॅट घालायचे, दुसऱ्या बाजूने शंभर निघतात. निदान कागदावर तरी निघतात. मी सर्किट काढलं, दोन ट्रान्झिस्टर मागवले, उन्हाळ्याची अर्धी सुट्टी घालवून डबा बांधला, बटण दाबलं. मीटरने दाखवले चौदा वॅट!

वानखेडेला बोलावलं. वानखेडेच्या मते जगातलं कुठलंही दुखणं पार्ट बदलल्याने बरं होतं. त्याने ट्रान्झिस्टर उजेडात धरले, बोटाला थिनर लावून घासले आणि मला दाखवले. वरचं नाव पुसलं जाऊन खालून दुसरंच नाव निघालं होतं.

"सर, हे तं नकली हाये. तुम्ही फिजिक्स शिकवता नं?"

"फिजिक्समध्ये ट्रान्झिस्टर घासायला शिकवत नाहीत."

"काऊन नाई शिकवत?"

 अस्सल जोडी यायला तीन आठवडे गेले. ती लावली. मीटरने दाखवले सतरा. रविवारी आम्ही दोघांनी आळीपाळीने हाका मारल्या. तारबाबू म्हणाले, "वर्धा नहीं आ रहा."

वानखेडेचं डोकं फिरलं. "सर, डबा सोडा. त्या बुढ्याचे कान तपासा आधी!" हे म्हणताना माइकचं बटण त्याच्याच अंगठ्याखाली दाबलेलं होतं. मी कपाळावर हात मारला. मग म्हटलं जाऊ दे, रेड्डी साहेबांना वऱ्हाडी कळत नाही आणि ज्यांना कळते त्यांना ऐकू येत नाही.

*

आता तेलाचा डबा. ॲम्प्लिफायरची चाचणी घेताना सारखं हवेत बोंबलायचं नसतं. म्हणून अँटेनाची वायर काढून तिथे तेलाच्या डब्याची वायर लावतात. पत्र्याच्या डब्यात तेल, तेलात जाडजूड रेझिस्टर. सगळी पॉवर त्या डब्यात जिरते, तेल तापतं, बाहेर काहीही जात नाही. कितीही ओरडा, कुणाला त्रास नाही. आमच्या छंदातला हा सगळ्यात चांगला शोध आहे, असं उज्ज्वलाचं म्हणणं.

सतरा वॅट पाहून मी ढोबळे मॅडमना फोन केला. त्या ड्यूटीवरून थेट आल्या, पर्समधून ताप मोजायची बंदूक काढली आणि डब्याच्या एकेका भागावर रोखली. "ट्रान्झिस्टर नॉर्मल. वायर नॉर्मल. बटण दाबून ठेवा, सर." बंदूक शेवटच्या कॉइलपाशी आली आणि 'हाय' दाखवून थांबली. म्हणजे आकडाच संपला.

"ताप इथं हाये," मॅडम म्हणाल्या. "तुमची सगळी ताकद बाहेर निघाच्या आधी इथंच खर्च होऊन राह्यली."

कॉइल वानखेडेने गुंडाळल्या होत्या. लोखंडी भुकटीच्या कड्यावर तांब्याच्या तारेचे नऊ वेढे. मॅडमनी मोजले. दहा!

"नऊ हायेत," वानखेडे म्हणाला. "बाहेरून मोजा."

"अरे, आतून मोजायचे असतात!" मी ओरडलो. "तार भोकातून जितक्यांदा जाते तितके वेढे. हे मी दरवर्षी पोरांना शिकवतो!"

"मंग गुंडाळतानी काऊन नाई सांगतलं? बाजूलेच तं बसले होते."

मी पक्कड शोधायला उठलो. कारण गुंडाळताना मोजत मीच होतो आणि मीही बाहेरून मोजत होतो.

सगळ्या कॉइलचा एकेक वेढा काढला. मीटरने दाखवले बावीस. रविवारी तिघांनी हाका मारल्या. बैठक संपल्यावर मॅडम माइक हातात धरूनच म्हणाल्या, "आवाज थकल्यासारखा वाटते त्यायचा. बीपीची गोळी घेतात का नाई कोन जाने." तारबाबूंना अर्थात वर्धा आली नव्हती.

*

मग मॅडमनाच सुचलं की पेशंट अशक्त असेल तर आधी त्याला खायला मिळतं का ते पाहावं. पॉवर सप्लायपाशी मोजलं तर पावणेचौदा व्होल्ट. बटण दाबून डब्यापाशी मोजलं तर दहा! मधल्या वायरीत पावणेचार व्होल्ट गायब. वायर कोणती? तर वानखेडेने दुकानातून आणलेली, स्पीकरला लावतात ती.

"जाड वायर पाहिजे," मी म्हटलं. "मोटरपंपाची."

 मोटरपंपाची वायर म्हणजे कोहळे.

वानखेडे म्हणाला, "त्याच्याकडची वायर आली तं मी डब्याले हात लावनार नाई."

मी आणि मॅडम स्कूटरवर पवनारला गेलो. कोहळे शेताच्या धुऱ्यावर उभा राहून सोयाबीनकडे संशयाने बघत होता. सगळं ऐकून घेतल्यावर त्याने फक्त एवढंच विचारलं, "बाबूले अजून ऐकू नाई आलं?"

"नाही."

"न्या वायर. पन वायरीसंगं मी बी येतो."

रविवारी सकाळी साडेसातला कोहळे दारात हजर. एका खांद्यावर अंगठ्याएवढी जाड केबल, दुसऱ्या खांद्यावर वानखेडेचा खांब! स्वतः घणाने ठोकून सरळ केला होता. सरळ म्हणजे दुरून पाहिला तर सरळ. वानखेडेने खांबाकडे पाहिलं, मग भिंतीकडे पाहिलं. त्यानंतरचं सगळं बोलणं माझ्यामार्फत!

"सर, त्याले सांगा, वायर उलटी लावून राह्यला."

"सर, त्याले सांगा, लाल संगं लालच हाये. डोळे उघडून पाहा म्हना."

"डोळे उघडे हायेत म्हना, म्हून तं खांब वाकडा दिसते."

"अबे, तुह्या खांबाले सोनं लागलं होतं का?"

"आता कसा सरळ माह्याशी बोलला!"

मॅडम ओरडल्या, "तुमी दोघंबी चूप बसा!" आणि मग त्यांचं लक्ष माइककडे गेलं. मीटर बघायला हात मोकळा राहावा म्हणून मी बटणावर रबर बँड चढवला होता. ही सगळी भागवतकथा चार मिनिटं हवेत चालली होती.

रबर बँड काढला तर रेड्डी साहेब अतिशय गंभीरपणे म्हणत होते, "वर्धा, मैं मतलब नहीं समझा, लेकिन टोन समझ गया." नंतर त्यांनी विचारलं, "बाबूजी, आपको आया?"

चौघंही रिसीव्हरकडे सरकलो.

"नहीं," तारबाबू म्हणाले. "वर्धा नहीं आ रहा."

त्या दिवशी त्यांना ऐकू न आल्याचा आम्हाला केवढा आनंद झाला!

*

कोहळेच्या केबलने मात्र कमाल केली. तेलाच्या डब्यावर मीटरने एकसष्ट दाखवले! आता थोडीच कसर उरली होती. पण माझ्या कॉलेजच्या परीक्षा आल्या. मग असं ठरलं की ॲम्प्लिफायर एकेक आठवडा एकेकाकडे ठेवायचा. भिशीसारखी पाळी लावली. त्याने फक्त बघायचं, कुणी काही बदललं तर वहीत लिहायचं. वही मी स्वतः रेघा मारून दिली.

आठवड्याने, रविवारच्या बैठकीला, डबा वानखेडेकडून आला. अठ्ठेचाळीस. "काही केलंस?" "छ्या! मी तं झाकनबी नाई उघडलं." मॅडमकडून आला. तीस. "मला ड्यूटीतून वेळ कुठला, सर?" कोहळेकडून आला. नऊ! आत दहा वॅट घालायचे आणि बाहेर नऊ मिळायचे! एवढा खटाटोप करून आम्ही एक वॅट कमी करणारं यंत्र बनवलं होतं. वही कोरी.

मी वैतागून झाकण उघडलं. आत एक बारीक स्क्रू असतो. ट्रान्झिस्टर किती जोर लावेल ते त्याच्यावर ठरतं. त्या स्क्रूच्या डोक्याशी, 'माझी योग्य जागा ही' असं दाखवणाऱ्या खुणा होत्या. एक काळ्या मार्करची. ती वानखेडेची, तो इन्व्हर्टरवर तारीख टाकतो तोच मार्कर. एक गुलाबी नेलपॉलिशची. एक झगझगीत हिरव्या ऑइलपेंटची, जो कोहळे पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावतो.

मी तिघांना बोलावून घेतलं आणि झाकण उघडून समोर ठेवलं.  मग वानखेडे वाकून बघत म्हणाला, "सर, चौथी हे लाल कोनाची?"

मी पेपर तपासायला वापरतो त्या पेनाची होती. कुणाकडेही डबा जायच्या आधीच्या दिवशी मी जरासा फिरवला होता. जरासाच!

*

दसऱ्याच्या आधीचा रविवार. शेवटची संधी. घराभोवतीच्या विजेच्या तारा नकोत म्हणून आम्ही सगळा संसार पवनारला कोहळेच्या शेतात नेला. विहिरीजवळ तोच खांब उभा केला. वानखेडेने स्वतः केला आणि वाकडी बाजू मागे फिरवून घेतली. खांबावर अँटेना, तारबाबूंच्या रिसीव्हरची वेगळी तार आंब्याला, ट्रॅक्टरची बॅटरी आणि अंगठ्याएवढी केबल. स्क्रूला फक्त एकच माणूस हात लावणार होता. त्या मॅडम, कारण आमच्यात तेवढाच एक स्थिर हात.

पावणेआठला तेलाच्या डब्यावर चाचणी घेतली. ऐंशी. मॅडमनी केसभर फिरवला. ब्याण्णव. आणखी केसभर.

शंभर!

कोहळेने मीटरला हात जोडले. वानखेडेने आनंदाच्या भरात कोणाला मिठी मारली हे त्याला मारल्यावर कळलं, आणि मग त्याने ती तशीच राहू दिली. तेवढ्यात रिसीव्हरवर रेड्डी साहेबांचा आवाज आला. आठ वाजले होते! मी माइकवर झडप घातली.

आम्ही चौघंही बोललो. मी सांगितलं की बाबू, शंभर वॅट आहेत, तुमच्या नियमाने मोजलेले. मॅडम दोन वाक्यांनंतर रडायलाच लागल्या. कोहळे म्हणाला, "बाबू, वावरातून बोलून राह्यलो. सोयाबीन बरं हाये." वानखेडेने माइक घेतला, जरा घुटमळला आणि म्हणाला, "बाबू, खांबाचं मिटलं."

मग बटण सोडलं. रेड्डी साहेब म्हणाले, "वर्धा, वर्धा, आज तो मुझे भी कुछ नहीं आ रहा."

आमची तोंडं उतरली. वानखेडेने लगेच थिअरी मांडली, "शंभर वॅट हायेत, सर! हैदराबाद जवळ पडते. वरून उडून गेला सिग्नल."

आणि तारबाबूंचा आवाज आला. "मुझे आ रहा है, रेड्डी साहब. वर्धा आ रहा है. फाईव्ह नाईन."

फाईव्ह नाईन! तारबाबूंकडून! आयुष्यात त्यांनी कुणाला दिलं नव्हतं. मॅडम पदर डोळ्यांना लावून हसत होत्या, कोहळेने विहिरीवरून आरोळी ठोकली. तारबाबू म्हणाले, "अच्छा. अब मैं बंद करता हूँ." नंतर त्यांनी हाताने मोर्समध्ये निरोपाच्या खुणा वाजवल्या, अगदी सावकाश. मग खरखर उरली.

चहा झाला, आवराआवर सुरू झाली. कोहळे तेलाचा डबा उचलायला गेला आणि हात झटकत मागे आला.

"सर, हे तेल काऊन एवढं तापलं?"

मी ॲम्प्लिफायरच्या मागे जाऊन बघितलं. तेलाच्या डब्याची वायर घट्ट बसवलेली होती. अँटेनाची वायर गवतात मोकळी पडली होती, तिच्या टोकावर एक मुंगळा चढत होता.

म्हणजे सोयाबीन, खांब, मॅडमचं रडणं, सगळं शंभर वॅटने तेलात गेलं होतं! कुणी बदलायची होती वायर? प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याने बदलली. चौथ्या घरातून मला फाईव्ह सेव्हन देणाऱ्या माणसाने तेलाच्या डब्याला फाईव्ह नाईन दिला होता.  आम्हाला बरं वाटावं म्हणून म्हाताऱ्याने आपला नियम मोडला, हे चौघांनाही कळलं होतं.

*

दिवाळीनंतर म्हैसूरहून एक जाड पाकीट आलं. वर तारबाबूंचं अक्षर. मी ते न उघडता वानखेडेच्या दुकानात नेलं आणि बाकीच्यांना बोलावलं. कोहळे बाजार समितीतून तसाच आला, मॅडम गणवेशात.

आत कार्डांचा गठ्ठा होता, दोऱ्याने बांधलेला. एका रविवारचं एक कार्ड. तारीख, वेळ, सिग्नल, शेरा. मी वाचायला लागलो.

पहिलं कार्ड त्या पहिल्या रविवारचं, जेव्हा मी एकटाच हाका मारत होतो आणि त्यांनी वर्धा येत नाही म्हणून सांगितलं. सिग्नल: फाईव्ह फाईव्ह. शेरा: 'एकटाच आहे.'

मी कार्ड उलटून पाहिलं, पुन्हा सुलटं केलं. पुढचं घेतलं. फाईव्ह फाईव्ह. 'एकटाच.'

वानखेडे आला त्या रविवारचं कार्ड: फाईव्ह सिक्स. 'दोघं. कान ठीक.' वानखेडे स्टुलावर बसला.

मॅडम आल्या त्या रविवारचं: फाईव्ह सेव्हन. 'तिघं. गोळी घेतो.'

रबर बँडच्या रविवारचं: फाईव्ह एट. 'चौघं. खांब सोडा.'

मग आमच्या खुणांचे रविवार. फाईव्ह एट. फाईव्ह सेव्हन. फाईव्ह फोर. 'कमी झालं. कोणी फिरवलं?'

कोहळेने दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. गिऱ्हाईक नको होतं कुणालाच.

गठ्ठ्यात शेवटचं कार्ड दसऱ्याच्या आधीच्या रविवारचं होतं. सिग्नलच्या रकान्यात नुसती आडवी रेघ. शेरा:

'काही आलं नाही. चौघंही होते.'